हातांतून सुटलेला दगड

लहानपणीं आमच्या परसांत एक रायवळ आंब्याचें झाड होतें. एके दुपारीं कैरीवर नेम धरून आम्ही दगड भिरकावला. कैरी देठालाच राहिली आणि खालीं पडली ती एक खार. तिच्यावर आमचा नेम नव्हता, असें आम्ही आजीस सांगितलें, व तें खरेंही होतें. परंतु तेवढ्यानें आमची सुटका झाली काय?

हा जुना प्रश्न पुन्हा जागा होण्यास कारण झालें तें मानवी खांद्याविषयींचें एक संशोधन. 2013 सालीं नील रोच व त्यांचे सहकारी यांनीं तें ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध केलें. फेंकण्यापूर्वीं आपण हात मागें नेतों, तेव्हां खांद्याभोवतींचे स्नायुबंध ओढलेल्या धनुष्याप्रमाणें ताणले जाऊन त्यांत शक्ति सांठते, व ती एकदम मोकळी होतांच दंड सेकंदास 9,000 अंशांपर्यंतच्या वेगानें फिरतो. चिंपांझी आपल्याहून बलवान खरा. पण त्याच्या फेंकीचा वेग ताशीं सुमारें 30 किलोमीटर, तर कसलेल्या बेसबॉलपटूचा 140 च्याही वर. फिरती कंबर, खालीं उतरलेले खांदे इत्यादि लक्षणें सुमारें वीस लक्ष वर्षांपूर्वींच्या होमो इरेक्टस मानवांत प्रथम एकत्र आलीं, असें या संशोधकांचें मत आहे. इतर कांहीं पंडितांस तें मान्य नाहीं. (पंडितांचें एकमत झालेलें आम्ही तरी क्वचितच पाहिलें आहे!)

वाघास भक्ष्याचा जीव गेलेला दाढेखालीं कळतो. फेंकणारा मनुष्य येथें उभा असतो आणि त्याचें कर्म तेथें घडतें. नखें ना सुळे, अशा या दुबळ्या प्राण्यास त्या अंतरानेंच तारलें, म्हणून त्यास दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. मात्र दूरचें दुःख दिसत नाहीं, सबब त्याचें उत्तरदायित्वही उणें, असें जे म्हणतात, त्यांचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. धांवत्या हरणावर दगड टाकावयाचा तर तें आतां कोठें आहे हें पाहून भागत नाहीं. क्षणानें कोठें असेल हें आधीं ताडावें लागतें. ज्या बुद्धीनें नेम साधतो, तीच बुद्धि परिणामही पाहूं शकते. मग “आम्हांस काय ठाऊक?” हें कोणत्या तोंडानें म्हणावें? आम्ही त्या दुपारीं कैरीपर्यंतचें गणित केलें होतें. कैरीच्या मागच्या फांदीकडे पाहिलेंच नव्हतें.

आजी रागावली नाहीं. तिनें तो दगड तेवढा आम्हांस शोधून आणावयास लावला.