चादरीआडचं गाणं

सोलापूरच्या पूर्व भागात, भद्रावती पेठेत आमच्या ओळखीचं एक घर आहे. खाली माग, वर माडीवर दहा बाय दहाची खोली. गेल्या उन्हाळ्यात त्या खोलीत मी एक गाणं रेकॉर्ड होताना पाहिलं. खिडकीला दोन आणि दाराला एक अशा तीन चादरी खिळ्यांना टांगल्या होत्या. सोलापुरी चादर जाड असते, आवाज पिते. आत हवा येईना, पंखा लावला तर त्याचीच घरघर रेकॉर्ड होते म्हणून तोही बंद. एकवीस वर्षांचा मुलगा घामाने निथळत, जुन्या गिटारीवर वाकून, जवळजवळ पुटपुटत गात होता. सुटीचा दिवस होता, म्हणून माग बंद होते. एरवी खालच्या खटखटीने जमिनीलासुद्धा कंप सुटलेला असतो.

गाणं वडिलांविषयी होतं. त्यांची तीस वर्षं मागावर गेली आणि कान त्या खटखटीत गेले. त्यांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं. "आणि ओरडून सगळं सांगता येत नाही ओ काका," मुलगा म्हणाला. घरची भाषा तेलुगू, गाणं मात्र मराठीत. असं का, विचारलं तर म्हणाला, "घरात जे बोलता येत नाही ते मराठीत लिहितो."

या गाण्याला काय म्हणायचं, हे त्याने मला सांगितलं: इमो. शब्द मला ऐकून माहीत होता. डोळ्यांवर केस ओढलेली, काळे कपडे घातलेली, सदा दुःखी मुलं, एवढंच चित्र माझ्याही डोक्यात होतं. मग मी त्या संगीताच्या मुळाकडे जाऊन ऐकायला लागलो आणि वारंवार सोलापुरातच परत येत राहिलो.

सुरुवात दुसऱ्या एका गिरणगावातून करावी लागते. मँचेस्टरमध्ये बझकॉक्स नावाच्या पोरांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून सुमारे पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबर 1976 मध्ये चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' या नावाने हजार प्रती स्वतःच काढल्या. मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. रेकॉर्डच्या पाकिटावर कुठलं गाणं कितव्या खेपेला जमलं तेही छापलं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की यात काही जादू नाही, आपल्यालाही हे येईल. अशा गाण्याला इंडी म्हणतात, म्हणजे इंडिपेंडंट, आणि मुळात तो शब्द असा पैशाचा आणि वितरणाचा होता. गाण्याची तऱ्हा नंतर आली. त्याच 1977 साली मुंबईत अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' हे पुस्तक काढलं. त्याआधी 1950 च्या दशकातच कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांचे मित्र 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून वाटत होते. आपला माल आपणच काढायचा ही गोष्ट मराठी माणसाला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. फक्त आपल्याकडे ती कवितेत घडली, गाण्यात फारशी घडली नाही.

मँचेस्टरमध्ये ती गाण्यात घडली याला एक अगदी साधं कारण होतं, ते म्हणजे जागा. कापडाचा धंदा बसला आणि शहराच्या मधोमध मोठमोठ्या विटांच्या इमारती रिकाम्या पडल्या. भाडं कमी, शेजार नाही, कितीही आवाज करा. लिटल पीटर स्ट्रीटवरच्या अशाच एका जुन्या गोदामात जॉय डिव्हिजन या बँडची पोरं तालमी करत. एप्रिल 1980 मध्ये त्यांच्या 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' या गाण्याचं चित्रीकरण त्याच इमारतीत झालं. तीन आठवड्यांनी त्यांच्या गायकाने, इयन कर्टिसने, तेविसाव्या वर्षी जीव दिला. हे गाणं ऐकताना मला त्या खोलीची ओल जाणवते.

सोलापूरच्या गिरण्याही बंद पडल्या. 1877 साली सुरू झालेली आमची जुनी मिल साठच्या दशकात गेली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. भोंग्यावर उठणारं गाव भोंग्याशिवाय उठायला शिकलं. पण रिकाम्या इमारतींत आमच्याकडे कुणी गिटार घेऊन शिरलं नाही. त्या जागा खटल्यांत अडकल्या, भूखंड होऊन विकल्या गेल्या, आणि माग घरात आला. मँचेस्टरच्या पोरांना गिरणीने जाता जाता मोकळी जागा दिली. सोलापूरच्या पोराच्या राहत्या खोलीतली शांतताही मागाने घेतली. म्हणून त्याला चादरी टांगाव्या लागतात. हा फरक मला कुठल्याही सांस्कृतिक फरकापेक्षा मोठा वाटतो.

गाण्याची कमतरता मात्र या जिल्ह्याला कधीच नव्हती. पेशवाईच्या अखेरच्या काळातला रामजोशी सोलापूरचा. कीर्तनकार जोशांच्या घरातला हा मुलगा तमाशाच्या फडात रमला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढलं, असं सांगतात. आणि 1916 साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. ते गिरणीत काम करत होते, संपात उतरले, तुरुंगात गेले. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. त्यांच्या आवाजाला लोक पहाडी म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत तो आवाज मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत जात असे. त्या आवाजाचं सर्वनाम होतं 'आम्ही'. ते स्वाभाविकच होतं, हजारो माणसांच्या भुकेला 'मी' पुरत नाही.

'मी'साठी मराठीने दुसरी खोली बांधली. 1930 च्या दशकात जी. एन. जोशी, गजानन वाटवे यांच्यापासून भावगीत रुजलं. मायक्रोफोन आणि तबकडी आल्यावर आवाज खाली आणता आला. कुजबुजलेलं दुःखही आता घराघरांत पोचू शकत होतं. भावगीत माझं फार आवडतं आहे, त्याच्याविषयी मला तक्रार करायची नाही. पण त्याचं दुःख नीट विंचरलेलं असतं. गाताना गळा फुटलेला चालत नाही, स्वर ढळलेला तर अजिबात नाही. शाहिराला गळा फाडायची मुभा होती, पण स्वतःसाठी रडायची नव्हती. भावगीताला रडायची मुभा होती, पण ओरडायची नव्हती. दोन्ही खोल्या सुंदर, मधे भिंत.

वॉशिंग्टनच्या काही पोरांनी ही भिंत 1985 च्या सुमारास त्यांच्यापुरती पाडली. तिथलं हार्डकोर पंक म्हणजे मैदानी गाणं होतं: मिनिट-दीड मिनिटाची, वेगवान, सरकारवर आणि समाजावर तुटून पडणारी गाणी. त्यांची रेकॉर्ड कंपनीही त्यांचीच, 1980 साली सुरू झालेली डिसकॉर्ड. पण त्या मैफलींत मारामाऱ्या वाढल्या, दांडगाई शिरली. तेव्हा राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडच्या गी पिचोटोने त्याच वेगात, त्याच फाटलेल्या आवाजात स्वतःची वेदना गायला सुरुवात केली. हरवलेलं माणूस, हातातून निसटलेला काळ, स्वतःवरचा राग. हार्डकोरला 'इमोशनल' जोडून कुणीतरी चिडवायला 'इमो' हे नाव पाडलं, आणि ज्यांना ते चिकटलं त्यांनी ते कधीच मनापासून स्वीकारलं नाही. बँड जेमतेम दोन वर्षं टिकला.

मला यातली जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती फारशी सांगितली जात नाही. त्याच 1985 च्या उन्हाळ्यात त्याच वर्तुळातली मुलं दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर उभी राहून वर्णभेदाविरुद्ध ढोल, डबे, हाताला लागेल ते बडवत होती. म्हणजे 'मी' गायला लागल्यावर त्यांचं 'आम्ही' सुटलं नव्हतं. स्वतःच्या दुःखाकडे वळणं म्हणजे लढ्याकडे पाठ फिरवणं, हा आरोप आपल्याकडेही सत्तर वर्षं होत आलाय. आत्ममग्न, बूर्झ्वा, रडका. बडवलेल्या डब्यांचा तो आवाज या आरोपाला माझ्यासाठी पुरेसं उत्तर आहे.

आपल्याकडे ही भिंत गाण्यात नाही तरी गद्यात एकदा पडली, आणि तीही अमर शेखांच्याच घरात. त्यांची मुलगी, कवयित्री मल्लिका अमर शेख यांचं आत्मकथन 1984 साली आलं: 'मला उद्ध्वस्त व्हायचंय'. राइट्स ऑफ स्प्रिंगची रेकॉर्ड त्यानंतर एका वर्षाने आली. बाप 'आम्ही'चा शाहीर, पती नामदेव ढसाळ दलित पँथरचे एक संस्थापक, चळवळीने भरलेलं घर, आणि त्या घरातून एक बाई 'मला' या शब्दाने सुरुवात करते. चळवळीवरचं प्रेम न सोडता चळवळीतल्या पुरुषांनी घरात काय केलं ते सांगते, आवाज न चढवता नव्हे, चांगला चढवून सांगते. त्या शीर्षकातला 'मला' उच्चारायला किती बळ लागलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

पुढे इमोची बाजारपेठ झाली. 2006 मध्ये माय केमिकल रोमान्स या बँडचा 'द ब्लॅक परेड' हा अल्बम आला तोवर काजळ आणि काळे शर्ट दुकानांत टांगलेले होते. त्यावर नाक मुरडणाऱ्यांना मी एवढीच आठवण करून देईन की 2008 मध्ये मेक्सिकोत, केरेतारोच्या चौकात, इमो दिसणाऱ्या पोरांना जमावाने गाठून मारलं. पोरं हळवी दिसत होती, एवढाच त्यांचा गुन्हा होता. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. रडणाऱ्या मुलाला म्हटलं जाणारं 'बायकांसारखा काय रडतो बे' हे वाक्य ज्याने ऐकलेलं नाही, असा एकही पुरुष मला सोलापुरात भेटलेला नाही. मीही ते ऐकलंय, आणि लाज वाटते, पण एकदा उच्चारलंयही.

म्हणून भद्रावती पेठेतला हा मुलगा मला अमर शेखांच्याच गावकीतला वाटतो. गिरणीतल्या माणसाने संपाचं गाणं केलं. मागावरच्या माणसाचा मुलगा मागाने घेतलेल्या कानांचं गाणं करतो. संप करायला आता गिरणीचं फाटकही उरलेलं नाही, मालक आणि मजूर एकाच घरात झोपतात, घोषणा द्यायची कुणाविरुद्ध? पण नुकसान झालेलं आहे, ते या घरात रोज दिसतं, आणि ते मोजायला सध्या तरी त्याच्याकडे गाण्याशिवाय काही नाही.

त्या दिवशी त्याने गाणं सात वेळा घेतलं. प्रत्येक वेळी तिसऱ्या कडव्यात त्याचा आवाज चिरायचा आणि तो थांबायचा. "बिघडलं," म्हणायचा, पुसून पुन्हा सुरू करायचा. सातव्या खेपेला चादर बाजूला झाली. दारात त्याची आई उभी होती, उठताना तशीच हातात राहिलेली टॉवेलची कड आणि सुई. खाली बसून ती सगळं ऐकत होती. गाणं मराठीत लिहिलं म्हणून तिला कळणार नाही, असं त्याने का धरलं होतं कोण जाणे, तिचा जन्म याच पेठेतला. वडीलही तिच्या मागे जिन्याच्या पायरीवर येऊन बसले होते, मान एका बाजूला कलती, जो कान जरा बरा आहे तो खोलीकडे करून.

मुलगा गिटार खाली ठेवायला लागला. आई तेलुगूत म्हणाली, आणि एवढं तेलुगू मला शेजारात राहून येतं: "ठेवू नको. मोठ्यानं म्हण, त्यांना ऐकू येईना."