मेडिक्लेमच्या बारीक अक्षरांत

जुन्या मेडिक्लेम पॉलिसीत कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत, त्याची यादी असते. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, चष्मा आणि त्यांच्याच ओळीत सुंता. आजारावर उपचार म्हणून करावी लागली तरच भरपाई. नाशिकच्या रविवार कारंजावरचा कुठलाही एजंट ही ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवत नसेल. पण धडधाकट तान्ह्या मुलाची सुंता हा उपचार नव्हे, हा निकाल विमा कंपन्यांनी केव्हाच लावून टाकला आहे.

न्यायालये त्या वाटेला जात नाहीत. अशी सुंता बेकायदा ठरवा, अशी जनहित याचिका केरळ उच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. कायदे करणे आमचे काम नाही आणि तुमचा आधार काय, तर वर्तमानपत्रातल्या बातम्या, असा एकूण सूर. मग उरते भारतीय न्याय संहितेचे कलम 27. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. नुसता पैशाचा फायदा म्हणजे हित नव्हे, एवढे संहिता पुढे स्पष्ट करते. पुण्याचा फायदा धरायचा की नाही, यावर ती गप्प आहे.

आरोग्याच्या फायद्याचा एक भक्कम पुरावा तर आपल्या पुण्यातलाच. तिथल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या दोन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. करोनाच्या दिवसांत रोज टीव्हीवर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर त्याच्या लेखकांपैकी एक. सुंता झालेल्यांत एचआयव्हीची लागण कितीतरी कमी आढळली. सिफिलिस किंवा परम्याच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. पुढे आफ्रिकेतल्या चाचण्यांत लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटली आणि 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीचा फैलाव मोठा असलेल्या देशांसाठी शिफारस केली. हे सगळे स्वतः होकार देऊ शकणाऱ्या प्रौढांबद्दल आहे. मालेगावच्या पाळण्यातल्या पोराला ती जोखीम यायला पंधरा-वीस वर्षे आहेत. तान्हेपणीचा म्हणून जो फायदा सांगतात तो लघवीच्या संसर्गाचा, आणि असा एक संसर्ग टाळायला शंभरावर मुलांची सुंता करावी लागते.

खरी गंमत पैशाची आहे. ब्रिटनमध्ये 1949 साली डग्लस गेर्डनर या बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले, की सुंतेत कापली जाणारी त्वचा नवजात मुलाला चिकटलेलीच असते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप सुटते. सरकारी आरोग्यसेवा नुकतीच सुरू झाली होती. तिने या कामाचा खर्च उचलला नाही, आणि धर्माचे बंधन नसलेल्या घरांतून ही चाल बघता बघता ओसरली. अमेरिकेत विमा पैसे देत राहिला. 2010 मध्येही तिथल्या रुग्णालयांत जन्मलेल्या मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिकांची सुंता होत होती. सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेलेल्या नाशिकच्या आजी नर्सने पुढे केलेला संमतीचा फॉर्म पाहून दचकतात. बाराव्या दिवशी सोनाराकडून नातवाचे कान टोचून घेताना मात्र त्यांनी कोणाची संमती विचारलेली नसते.

बंदीला माझा विरोध आहे. कोलोनच्या न्यायालयाने 2012 मध्ये अशी सुंता म्हणजे शारीरिक इजा ठरवली आणि त्याच वर्षअखेर जर्मन संसदेला अटी घालून परवानगी देणारा कायदा करावा लागला. रायगडातल्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबांना आठव्या दिवशीची सुंता टाळता येत नाही. मुसलमानांत मात्र वयाचे तसे बंधन नाही. कुठे तान्हेपणी होते, कुठे पाच-सात वर्षांनी. तिथे मूल मोठे होईपर्यंत थांबण्याची चर्चा धर्माला हात न लावता होऊ शकते. ती त्या समाजातल्या डॉक्टरांनीच करावी, बाहेरच्यांनी शहाणपण शिकवायला जाऊ नये.

तोवर प्रश्न उरतो तो खिशाचा. विमा नाही, म्हणून खर्च रोखीने; हातात रोकड कमी, की भूल न देता उरकणारा स्वस्तातला माणूस गाठला जातो. यंत्रमागावर राबणाऱ्या बापाला हा हिशेब सुटत नाही. रक्त थांबेना झाले की तेच मूल रात्री सरकारी दवाखान्यात येते आणि मग खर्च सरकारचाच होतो. त्यापेक्षा तिथेच भूल देऊन, शिकलेल्या हातांनी, नोंद ठेवून हे काम नाममात्र पैशांत करावे. धार्मिक विधीवर सरकारी पैसा कशाला, असे माझे बुद्धिवादी मित्र विचारतील. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी घाट, शौचालये आणि तात्पुरते दवाखाने आपण सरकारी पैशातूनच उभारतो. तो खर्च स्नानाच्या पुण्यावर नसतो, स्नानाला येणाऱ्यांच्या जिवावर असतो.