भाकरीच्या पैशांतून नाटक

देशांत लोक उपाशी असतां सरकारनें नटांना व वाजंत्र्यांना पगार द्यावा काय? हा प्रश्न ऐकतांच पुष्कळ सज्जन, "आधीं भाकरी, मग गाणें," असें म्हणून मोकळे होतील. परंतु अमेरिकेंत हा प्रश्न एकदां खरोखरच उभा राहिला होता. ती हकीकत पाहिली म्हणजे उत्तर इतकें सोपें वाटत नाहीं.

१९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढें हजारों बँका बुडाल्या. १९३३ सालीं तेथील कामकऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. खेड्यांत गव्हाला भाव नाहीं म्हणून शेतकरी बुडत होता, आणि शहरांत त्याच गव्हाच्या पावासाठीं रांगा लागत होत्या! त्या वर्षींच्या मार्च महिन्यांत रूझवेल्ट अध्यक्ष झाले, व पुढें त्यांनीं मदतीचें काम हॅरी हॉपकिन्स यांजकडे सोंपविलें.

शिधा किंवा रोख मदत देणें स्वस्त पडतें, हें हॉपकिन्स यांस ठाऊक होतें. काम द्यावयाचें म्हणजे अवजारें, सामान, मुकादम, सर्वच खर्च वाढतो. पण मदत मागणाऱ्याच्या घरीं तपासनीस येई, चूल व फडताळ पाही, आणि इतके दिवस ताठ मानेनें जगलेला गृहस्थ आपल्याच मुलांसमोर मान खालीं घाली. तुझ्याजवळ काय नाहीं, एवढेंच त्यास विचारलें जाई. तुला काय येतें, हें कोणी विचारीत नसे. म्हणून मजुरीच द्यावी, असा हॉपकिन्स यांचा आग्रह होता. १९३५ सालीं निघालेल्या 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' या खात्यानें १९४३ पर्यंत सुमारें ८५ लक्ष लोकांना काम दिलें. रस्ते झाले, पूल झाले, शाळा झाल्या. आळशांस पोसतां, अशी कुरकुर येथेंही झालीच. पण खरा वाद पुढेंच पेटला.

मूकपटांच्या काळीं चित्रपटगृहांत वाद्यें वाजविणारे हजारों लोक बोलपट येतांच बेकार झाले होते. त्यांवर ही मंदी आली. अशा माणसाच्या हातीं फावडें दिलें तर त्याचीं बोटें राठ होतात, व पुढें त्याचा धंदाही जातो. (आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळांत कारागीर काय, शेतकरी काय, बहुतेकांच्या वांट्याला खडी फोडणेंच आलें.) हॉपकिन्स यांनीं अशांना त्यांचेंच काम दिलें. नाट्यविभाग हॅली फ्लॅनगन या प्राध्यापिकेच्या हातीं होता. पुष्कळ खेळ फुकट असत. तिकीट असलें तरी अल्प असे. १९३६ सालीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत केवळ कृष्णवर्णीय नटांनीं 'मॅकबेथ' केलें. खात्याच्या एकंदर खर्चापैकीं नाटकांवर शेंकडा एकही लागला नाहीं.

तेव्हां मला खरी अडचण पैशांची वाटत नाहीं. ज्याचें मीठ खावें त्याच्यासमोर मोकळेपणानें बोलतां येईल काय, ही ती अडचण. इथिओपियावरील इटलीच्या स्वारीविषयीं एक खेळ १९३६ च्या आरंभीं तयार झाला, तेव्हां परराष्ट्रांचे प्रमुख रंगभूमीवर आणूं नयेत असा वरून हुकूम आला, आणि न्यूयॉर्क शाखेचे प्रमुख एल्मर राइस यांनीं राजीनामा दिला. उलट बाजूनें, १९३८ सालीं कायदेमंडळाच्या चौकशी समितींत एका सभासदानें फ्लॅनगनबाईंस विचारिलें कीं, हा नाटककार मार्लो कम्युनिस्ट आहे काय? मार्लो १५९३ सालींच वारला होता. ३० जून १९३९ रोजीं पैसा बंद झाला व नाटकें थांबलीं.

लेखकांच्या विभागाचें एक काम मात्र टिकलें. १९३६ ते १९३८ या काळांत त्याच्या पगारावरील माणसें गांवोगांव हिंडलीं, आणि पूर्वीं गुलामगिरींत असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्ध स्त्रीपुरुषांच्या हकीकती त्यांनीं लिहून घेतल्या. त्या आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. विचारणारे बहुधा गोरे, आणि सांगणारे पुष्कळदां दारिद्र्यांत पिचलेले. त्यामुळें कांहीं गोष्टी जपूनच सांगितल्या गेल्या असतील. तरी त्या वृद्धांपैकीं पुष्कळांना लिहितां येत नव्हतें, आणि त्यांचें वय पाहतां आणखी दहा वर्षें थांबणें शक्य नव्हतें.