प्रतिसृष्टीचे कायदे

गेल्या वर्षी एका परिसंवादात एका ज्येष्ठ समीक्षकांनी व्हिडिओ गेमचा विषय दोन वाक्यांत निकालात काढला. आधार रॉजर ईबर्टचा. या अमेरिकी चित्रपट समीक्षकाने २०१० साली लिहिले होते, की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाही. न खेळताच असे बोलायला नको होते, ही कबुलीही त्याने त्याच वर्षी जुलैत दिली. ती त्या सभेत कोणी सांगितली नाही. मीही गप्प बसलो, आणि ती चुटपुट अजून जात नाही.

ईबर्टचा आक्षेप साधा आहे. कलाकृतीत काय घडायचे ते कलावंत ठरवतो. गेममध्ये खेळणारा ठरवतो. मग कलावंताचे उरले काय? खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य हीच या माध्यमाची कमाई, असे माझे उत्तर अनेक वर्षे तयार होते. 'मॉरोविंड' पुन्हा खेळायला घेतला आणि ते मलाच पटेनासे झाले.

हा गेम २००२ सालचा. व्हार्डनफेल नावाचे बेट, मधोमध ज्वालामुखी, राखेची वादळे, झाडांएवढी भूछत्रे. आपण कैदी म्हणून दलदलीतल्या एका खेड्यात उतरतो. गावाबाहेर थोडे चालले की वरून किंकाळी येते आणि एक मांत्रिक आभाळातून समोर आपटून मरतो. त्याच्यापाशी एक वही आणि तीन मंत्रपत्रे सापडतात. उंच उडीचा मंत्र त्याने बनवला होता. आपणही पत्र वापरून उडी घेतो, डोंगर खाली सरकत जातात. पण मंत्राचा अंमल अवघा सात सेकंदांचा! तो चढायला पुरतो, उतरायला नाही. आपणही तसेच आपटून मरतो. जमिनीला टेकण्याआधी दुसरे पत्र वापरायचे, हे पुढच्या खेपेला सुचते. त्रिशंकूला अधांतरी थोपवायला विश्वामित्र होता. इथे कोणी नाही.

प्रतिसृष्टीचा विश्वामित्राइतकाच गंभीर विचार टॉल्किनने केला. १९३९ साली सेंट अँड्र्यूजला दिलेल्या परीकथांवरच्या व्याख्यानात तो म्हणतो, की 'हिरवा सूर्य' हे शब्द कोणीही उच्चारील. तो सूर्य जिथे खरा वाटेल असे जग रचायला मात्र कष्ट लागतात. वाचक अविश्वास बाजूला ठेवतो, हे कोलरिजचे म्हणणे त्याला पुरेसे वाटत नाही. अविश्वास मुद्दाम आवरावा लागला, तर रचना तिथेच फसली. जग आपल्या नियमांना जागत असेल, तर आत शिरलेला माणूस नुसता विश्वास ठेवतो. ईबर्टला द्यायचे उत्तर मला इथे सापडले. उडी मारायची की नाही एवढेच मी ठरवतो. पडणे म्हणजे काय, ते रचणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. कलावंताने ठरवायला हवे, हे ईबर्टचे म्हणणे मी आता मान्य करतो. गेममध्ये तो ठरवत नाही, हे मात्र चूक.

म्हणूनच याच मालिकेतल्या २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'ने पडद्यावर दिशादर्शक बाण आणला, तो मला खुपतो. 'मॉरोविंड'मध्ये वाट विचारावी लागते, सांगितलेल्या खुणा वहीत उतरतात आणि कधी कधी चुकीच्याही निघतात. नेरेवार या वीराच्या मृत्यूची हकिगतही तिथे एक नाही. मंदिरातले म्हणतात, तो लढाईतल्या जखमांनी गेला. राखेच्या प्रदेशातल्या टोळ्या म्हणतात, जवळच्यांनीच घात केला. बखरी वाचणाऱ्याला हे नवे नाही. निवाडा गेम करत नाही.

एकदा रागाच्या भरात मी कथेला अत्यावश्यक असा माणूस मारला. भविष्यवाणीचा धागा तुटला, जुन्या नोंदीकडे परत जा किंवा या शापित जगातच राहा, एवढे पडद्यावर उमटले. मी परतलो नाही. तासभर हिंडत राहिलो. दुकाने उघडी होती, वाट विचारली तर लोक सांगत होते, आणि डोंगराकडून राख येतच होती.