परमुलखातील उपवास

आमच्या बोरिवलीच्या धर्मग्रामातील एक माता मध्यंतरी आम्हांला भेटावयास आली. तिचा मुलगा सौदी अरेबियात नोकरीस आहे. तेथे चर्च नाही, रविवारची मिस्सा नाही. ‘‘फादर, अशाने श्रद्धा टिकते का हो?’’ तिने विचारले. आम्ही धीराचे चार शब्द बोललो. पण त्याला उत्तर म्हणवत नाही.

पुढे रेवदंड्यास जाण्याचा योग आला. अफनासी निकितीन या रशियन प्रवाशाचे २००२ साली उभारलेले स्मारक तेथे आहे. (‘परदेसी’ हा १९५७ चा चित्रपट जुन्या वाचकांना आठवत असेल.) त्वेर नगराचा हा व्यापारी व्होल्गा नदीने निघाला. आस्त्राखानपाशी तो लुटला गेला आणि मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकेही गेली. इराण, होर्मुझ असे करीत १४६९ च्या सुमारास तो एक घोडा घेऊन चौलला उतरला. गोरा मनुष्य पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत. चौलहून पायी पाली आणि पुढे सह्याद्री ओलांडून जुन्नर. पवित्र त्रैक्याच्या सणापासून येथे हिवाळा सुरू होतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. बिचाऱ्याने आपल्या पावसाळ्यालाच हिवाळा मानले!

जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा हिरावून घेतला. मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा; नाहीतर घोडा गेलाच, शिवाय हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. मरियामातेच्या सणापूर्वीचे ते उपवासाचे दिवस होते. निकितीन डगमगला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. तो घाबरलाच होता. तेवढ्यात खोरासानचा महंमद नावाचा गृहस्थ तेथे आला. निकितीनने त्याला गळ घातली. त्याने खानाकडे शब्द टाकला आणि धर्म व घोडा दोन्ही सोडवून आणले. निकितीन याला प्रभूचा चमत्कार म्हणतो. आम्हीही म्हणू. मात्र तो चमत्कार एका मुसलमानाच्या पायांनी चालत आला, हे विसरून चालणार नाही.

पुढे बीदरमध्ये आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने हिंदूंना सांगितले. तेव्हापासून त्यांनी त्याच्यापासून आपले अन्न, व्यापार, पूजाअर्चा काहीच लपवले नाही. श्रीशैलच्या यात्रेलाही तो त्यांच्याबरोबर गेला आणि ते त्यांचे यरुशलेम आहे, असे त्याने नोंदवले. पण स्वतःचा ईस्टर कधी, हे त्याला कळेना! पुस्तकाविना तिथी कशी काढणार? मग तो अदमासाने उपवास करी आणि वहीत शोक करी. त्या वहीच्या शेवटी अरबी शब्दांतली प्रार्थना आहे. त्यावरून त्याने धर्म सोडला होता असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. चुकीच्या दिवशी का होईना, जो ईस्टरसाठी तळमळतो, त्याला बाहेरचा कसा म्हणावे? दर रविवारी घंटा ऐकूनही अंथरुणात पडून राहणाऱ्या आपल्यांपैकी काहींचा विचार तेव्हा मनात आला, एवढे मात्र खरे.

परतल्यावर आम्ही ही हकीकत त्या मातेस सांगितली. महंमदाची गोष्ट ऐकताना तिने डोळ्यांना पदर लावला. शेवटी तिने एवढेच विचारले, ‘‘तो घरी पोहोचला का, फादर?’’

नाही. त्वेर गाठण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ त्याला मरण आले. घरी पोहोचली ती त्याची वही.