दशमीची संध्याकाळ, एकादशीची पहाट

त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते, आणि यात्रेला न जाणाऱ्या नाशिककरांच्या घरीही त्या दिवशी उपवास असतो. अशा दिवशी सकाळी साडेनऊची कोलोनोस्कोपी ठरली, तर पहाटे प्यायच्या औषधाने उपवास मोडतो का? प्रश्न वाटतो तितका खुळा नाही.

पोट साफ करणारं औषध दोन भागांत घ्यायचं असतं. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली सांगितलं, की दुसरा भाग तपासणीआधीच्या पाच तासांत सुरू करावा आणि निदान दोन तास आधी संपवावा. म्हणजे गजर साडेचारचा. सगळं औषध रात्रीच उरकलं, तर झोपेत लहान आतड्यातून पित्ताचा चिकट द्रव खाली येत राहतो, मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला त्याचा लेप बसतो आणि चपटे पॉलिप त्याखाली दडतात. शेवटचे दोन तास राखायचे ते गुंगी देताना पोटात पाणी नको म्हणून.

वेळेचा एवढा काटेकोरपणा एकादशीला नवा नाही. सूर्योदयाआधीच्या चार घटका, म्हणजे 96 मिनिटं, हा अरुणोदय. तेव्हा दशमी उरली असेल, तर वैष्णव ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी उपवास धरतात. कॅलेंडरात कधीकधी स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या दिसतात, त्या यामुळेच.

मूळ प्रश्नाचं उत्तर शास्त्राने केव्हाच देऊन ठेवलंय. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत पाणीही आहे, औषधही. उलट संकल्पच सोडला नसेल, तर दवाखान्यातलं रिकामं पोट म्हणजे नुसतं लंघन.

खरी पंचाईत ताटात आहे, तपासणी द्वादशीला ठरली तर. तपासणीआधी एक-दोन दिवस डॉक्टर मऊ पांढरा भात चालवून घेतात, शेंगदाणे आणि बिया नकोत म्हणतात. एकादशीला भात वर्ज्य आणि साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट हवंच! दूध उपवासाला चालतं, पण औषध सुरू झालं की तेही बंद. दोघांनाही चालणारं उरतं ते नारळपाणी, आणि ग्लासामागून ग्लास घशाखाली ढकलायचं ते खारट-लिंबट औषध.

पारणं द्वादशीला. एकादशीलाच तपासणी असेल, तर नंतर गुंगी उतरली की परिचारिका चहा-बिस्किटं पुढे करते. चहा घ्यायला हरकत नसते. बिस्कीट मात्र मैद्याचं.