न आवडण्याचे कारण

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर एक ठरलेली कृती असते. कवितेचं नाव आणि खाली मुद्दे : कवी किंवा कवयित्री कोण, विषय काय, दिलेल्या ओळींचा सरळ अर्थ, कवितेतून मिळणारा संदेश, आणि कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. यातलं ‘न आवडण्याचे’ मंडळानेच छापलं आहे. तरी सोलापूर असो की सांगोला, मुलं लिहितात ते आवडण्याचंच कारण. ‘भाषा साधी, सोपी व ओघवती असल्यामुळे ही कविता मला खूप आवडते.’ कविता मर्ढेकरांची असती तरी ती ओघवतीच ठरली असती.

मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. नावडीचं उत्तर गाईडात तयार मिळत नाही, आणि तपासणाऱ्याला ते आगाऊपणाचं वाटेल ही धास्ती वेगळीच. पण कविता उलगडायला शिकवायची असेल, तर सुरुवात या वापरात नसलेल्या अर्ध्या मुद्द्यापासून करावी, असं माझं मत आहे. ‘आवडली’ हे कविता न वाचताही लिहिता येतं. ‘नाही आवडली’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुठे? मग पुस्तक उघडून ओळीवर बोट ठेवावं लागतं. हे बोट ठेवणं अंगवळणी पडलं, की आवडीचं कारणही खरं निघू लागतं.

असं बारकाईने वाचणं विलायतेतून आलं, अशी एक समजूत आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे तरी ती टिकू नये. वारकरी कीर्तनकार सेवेला एक अभंग घेतो आणि त्या मोजक्या चरणांवर दोन तास उभा राहतो. पहिल्या चरणातला एखादा शब्द तो अडवून धरतो. इथे हाच शब्द का, दुसरा चालला नसता का, ही शंका तोच काढतो, ती चांगली पेटू देतो आणि मग दुसऱ्या संताचं प्रमाण देतो. टाळकरी ते प्रमाण उचलतात, चाल चढते, आणि बुवा फिरून त्याच चरणावर येतात. समोर बसलेली निरक्षर आजीसुद्धा त्या शब्दापाशी थांबलेली असते. एखादा शब्द बदलून बघणं, शंका काढणं, एका रचनेला दुसरीचा आधार देणं, ही सगळी रसग्रहणाची हत्यारं आहेत. ती आमच्या मुलांनी सप्ताहाच्या मांडवात पाहिलेली असतात. शाळेतल्या कवितेच्या तासाशी त्यांचा काही संबंध आहे, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

फरक एकच, पण मोठा. कीर्तनाचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. बुवा कुठूनही निघाले तरी विठ्ठलापाशीच पोहोचणार, आणि श्रोते आलेले असतात तेही त्यासाठीच. शाळेने नेमका हा मुक्काम उचलला, त्याला ‘संदेश’ म्हटलं, आणि मधला दीड तास सोडून दिला. सोलापूर तर चांगलं बोलणाऱ्यांचं आणि मन लावून ऐकणाऱ्यांचं गाव. संतसाहित्याचे अभ्यासक आणि नामवंत वक्ते निर्मलकुमार फडकुले इथल्याच संगमेश्वर महाविद्यालयात शिकवत. शहरातल्या एका सभागृहाला त्यांचं नाव आहे. अशा गावात कवितेचा तासही व्याख्यानाकडे झुकतो. शिक्षक रंगून बोलतात, मुलं रंगून ऐकतात, आणि कविता पुस्तकात मिटलेली राहते.

विलायतेत तरी काय वेगळं होतं? केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांपुढे कवींची नावं काढून कविता ठेवल्या आणि काय वाटलं ते लिहून मागितलं. त्यातल्या तेरा कवितांवरच्या अभिप्रायांची चिरफाड त्यांनी 1929 साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात केली. जॉन डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्यांच्या कवितांपुढे ती हुशार मुलं चाचपडली. साधा अर्थ निसटलेला, ठरीव भावना आधीच तयार, आणि कवितेतल्या एखाद्या शब्दावरून स्वतःचंच काहीतरी आठवून भलतीकडे गेलेली. आमच्या दहावीच्या गठ्ठ्यात याहून निराळं काय सापडतं?

रिचर्ड्स यांचा प्रयोग आपल्या वर्गात करून पाहण्यासारखा आहे, पण एक अडचण येते. आपल्याकडे कवीचं नाव कवितेच्या बाहेर नसतं, ते आतच असतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात संताची मुद्रा येते. ती काढली तर चरणच मोडतो. बाराव्या शतकातल्या कन्नड वचनांतही हीच रीत, फक्त तिथे सहसा कवीऐवजी त्याच्या आराध्याचं नाव असतं. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे स्वतः वचनकार, आणि त्यांच्या वचनांवर कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचं अंकित असतं. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकायला सारं गाव लोटतं, पण ज्याच्या नावाने ही यात्रा भरते तो कवी होता, हे मराठीच्या तासाला क्वचितच निघतं. तेव्हा अभंगाचं नाव झाकू नये, मुलांना उलट विचारावं : शेवटी कवी स्वतःचं नाव घेतो, मग आधीच्या चरणांत कोण बोलत होतं? आवाज तोच आहे की बदलला? या प्रश्नाला गाईडात उत्तर नाही.

सोलापूरच्या वर्गात आणखी एक गोष्ट असते, जिला आम्ही शिक्षक लोक उगाच उणीव समजतो. पूर्व भागातल्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या मुलांच्या घरी कानडी, काही घरांत दखनी. ‘यांचं मराठी कच्चं’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. राम जोशींच्या गावात हे शोभत नाही. पेशवाईतल्या या शाहिराच्या रचनेत संस्कृतही आलं आणि कानडीही. पण त्याहून महत्त्वाचं असं, की कवितेत मराठी मूल ज्यावरून सहज घसरत जातं, तिथे हे मूल अडखळतं.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. अवघ्या आठ ओळी. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, आणि शेवटी पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. तेलुगूत किंवा कानडीत झाड, झरा, डोंगर यांना पुल्लिंग नाही. निर्जीव आणि वनस्पती सगळे एकाच रांगेत. मराठीत औदुंबर ‘तो’ असतो, म्हणून तो बसला की मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. तेलुगू घरातली मुलगी मात्र विचारते, झाड ‘तो’ कसं, सर? या प्रश्नाला ‘तसंच असतं’ म्हणून गप्प करणं म्हणजे हातची कविता घालवणं. झऱ्याच्या जागी नदी आणि औदुंबराच्या जागी चिंच ठेवून बघा म्हणावं. पाण्याशी बसलेली ‘ती’ झाली, तर चित्र तेच राहतं का? मग रंग शोधायला सांगावेत. आधी सगळीकडे हिरवं, त्यातून जाणारी पांढरी वाट, आणि ती वाट जाते काळ्या डोहाकडे. इतकं दिसलं, की ही कविता आनंदी की उदास यावर वर्ग आपोआप भांडतो. जाणत्या समीक्षकांनीही या आठ ओळींचे निरनिराळे अर्थ लावले आहेत, त्यामुळे शिक्षकाकडे एकच बरोबर उत्तर नसलं तर लाज वाटायचं कारण नाही.

आता नावडीकडे. सोलापूरचे कवी दत्ता हलसगीकर यांची ‘उंची’ ही कविता महाराष्ट्रभर पाठ आहे. स्नेहसंमेलनात, निरोप समारंभात, भित्तिपत्रकावर ती हटकून भेटते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी थोडं द्यावं, जे उंच आहेत त्यांनी वाकून खालच्यांना वर घ्यावं, असा तिचा आशय. संदेश इतका वरच असल्यामुळे ती शिकवायला सोपी वाटते आणि म्हणूनच वाचायची राहून जाते. तिच्यातली क्रियापदं पाहा : विध्यर्थी. व्याकरणाच्या तासाला हीच मुलं विध्यर्थी वाक्याचं आज्ञार्थी करून गुण मिळवतात. ती कृती कवितेवर करायला सांगा. ‘यावे’चं ‘या’ झालं की दरडावणी होते, आर्जव निघून जातं. या कवितेचा सगळा सभ्यपणा त्या एका प्रत्ययावर उभा आहे. वाक्याचा साचाही पुन्हा पुन्हा तोच येतो, आधी ‘ज्यांचे’ कोण ते सांगायचं आणि मग ‘त्यांनी’ काय करावं ते. ऐकताना ती लगेच तोंडात बसते ती यामुळे.

समजा, एखाद्या मुलीने लिहिलं : ‘मला ही कविता आवडली नाही, कारण ज्यांना वर उचलायचं ते कवितेत कुठेच बोलत नाहीत. सगळं देणाऱ्यांना सांगितलं आहे. आम्हाला उचलून घ्यावं असं आम्हाला वाटतं का, हे कुणी विचारलं नाही.’ विडी वळणाऱ्या आईच्या घरात वाढलेली मुलगी हे लिहू शकते, आणि तिने ओळीतला कर्ता नेमका पकडलेला असतो. शेजारचा मुलगा म्हणेल, कविता मुळात उंच माणसांना उद्देशून आहे, मग खालचे कशाला बोलतील? त्याचंही बोट त्याच ओळीवर. विध्यर्थ त्याच्या बाजूने साक्ष देतो : आर्जव करायचं ते मोठ्यालाच. मला स्वतःला मुलीचं म्हणणं जास्त पटतं, पण वर्गात मी ते शेवटपर्यंत सांगणार नाही.

अशा वाचनाला एका कवितेचे दोन-तीन तास जातात आणि अभ्यासक्रम कुणासाठी थांबत नाही, हे मान्य. म्हणून सगळ्याच कविता अशा शिकवा, असं म्हणवत नाही. पहिल्या सत्रात एक, दुसऱ्या सत्रात एक. कोणत्या ते मुलांनी ठरवावं, आणि त्यातली एक न आवडलेली असावी. उरलेल्यांचा सरळ अर्थ गाईडात आहेच.